राज्याच्या आरोग्य विमा योजनेसाठी बाहेरचे संशोधक नेमताना

प्रश्न असा आहे: राज्याच्या आरोग्य विमा योजनेच्या कार्यालयाला पॅकेजचे (एका उपचारासाठी रुग्णालयाला द्यायच्या ठराविक रकमेचे) दर, रुग्णांच्या खिशातून जाणारा पैसा आणि दाव्यांचं (रुग्णालयांनी योजनेकडे केलेल्या पैशांच्या मागण्यांचं) विश्लेषण या विषयांवर अभ्यास करून घ्यायचे आहेत. कार्यालयात अर्थतज्ज्ञ नाही, संख्याशास्त्रज्ञ नाही. अशा वेळी संस्था घ्यावी की व्यक्ती, निविदा कशी काढावी, आणि अहवाल कपाटात पडून राहू नये म्हणून काय करावं? उत्तरात उदाहरणं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची घेतली आहेत. दुसऱ्या राज्यात आकडे बदलतील, कामाचा क्रम बदलणार नाही.

संस्थेच्या शोधापासून सुरुवात करू नका. आधी एका पानावर तीन गोष्टी लिहा: निर्णय कोणता घ्यायचा आहे, त्यावर सही कोणाची होणार, आणि तो कोणत्या महिन्यात व्हायला हवा. हे पान भरता येत नसेल तर अभ्यास पुढे ढकला. बहुतेक कार्यकक्षांमध्ये (काम काय करायचं ते सांगणाऱ्या कागदांमध्ये) 'योजनेच्या परिणामांचा अभ्यास करणे' असं एक वाक्य असतं आणि सगळा बिघाड तिथूनच सुरू होतो. या वाक्याचा अर्थ प्रत्येक निविदाकार आपापल्या सोयीने लावतो. एक जण जुन्या अहवालांचं संकलन धरून वीस लाख भरतो, दुसरा राज्यभर घरोघरची पाहणी धरून दीड कोटी भरतो. या दोन लिफाफ्यांची तुलना कोणत्याही समितीला करता येत नाही. मग स्वस्तातला काम घेऊन जातो आणि दोष संशोधकांना दिला जातो.

याच्या जागी असा प्रश्न लिहा: 'योजनेतून डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाला महिन्याला स्वतःचे किती पैसे घालावे लागतात, आणि त्यातले प्रवासाचे किती, बाहेरून आणलेल्या औषधांचे किती, रुग्णालयाने मागितलेले किती?' हा चांगला प्रश्न आहे, कारण प्रत्येक उत्तरामागे वेगळा निर्णय उभा आहे. प्रवासाचा खर्च मोठा निघाला तर तालुक्याच्या ठिकाणी केंद्र काढण्याचा विचार करावा लागेल. औषधांचा निघाला तर पॅकेजमध्ये काय धरलं आहे ते तपासावं लागेल. रुग्णालयच पैसे मागत असेल तर संलग्नतेच्या (रुग्णालय योजनेत सामील करून घेण्याच्या) करारानुसार कारवाई करावी लागेल.

पुढचं काम म्हणजे कामाची जात ओळखणं. योजनेच्या कार्यालयाला लागणारं संशोधन साधारण तीन प्रकारचं असतं: स्वतःच्याच दाव्यांच्या डेटाचं विश्लेषण, रुग्णांची किंवा कुटुंबांची क्षेत्रीय पाहणी, आणि उपचाराचा खरा खर्च काढणं. तिन्हींना लागणारी माणसं वेगळी. पाहणीत वाकबगार असलेल्या संस्थेला रुग्णालयाच्या हिशोबातून शस्त्रक्रियागृहाच्या मिनिटाचा खर्च काढता येईलच असं नाही. तिन्ही कामं एका निविदेत कोंबली की मोठी सल्लागार कंपनी ती घेते आणि दोन कामं दुसऱ्याला देऊन टाकते, तीही तुम्हाला न कळता.

चौथा प्रकार संशोधनाच्या नावाखाली चालतो, पण तो मनुष्यबळाचा पुरवठा असतो. अकरा महिन्यांच्या करारावर चार तरुण सल्लागार येतात आणि बैठकांची सादरीकरणं, विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं, दैनिक तक्ते यांत अडकतात. हे काम गरजेचं आहे, त्यासाठी माणसं जरूर घ्या. मात्र त्यांच्याकडून वर्षअखेरीला अभ्यासाची अपेक्षा ठेवणं त्यांच्यावरही अन्याय आहे.

घ्यायचं कोणाला? खर्च काढण्याच्या कामाला पाया तयार आहे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाच्या पाठबळावर चंडीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेने देशभरातल्या रुग्णालयांमधल्या सेवांचा खर्च काढला आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने पॅकेजचे दर सुधारताना तो वापरला. त्यामुळे शून्यापासून सुरुवात करणारा प्रस्ताव आला तर तांत्रिक समितीने 'हे काम का वापरत नाही?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पाहण्या आणि लोकसंख्येच्या हिशोबासाठी देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राज्यातच आहे. उपचार किंवा उपकरण घेण्याजोगं आहे का, याचं मूल्यमापन करणाऱ्या केंद्रीय व्यवस्थेचं संसाधन केंद्र परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत आहे. सरकारी संस्थेशी सामंजस्य करार करता येतो आणि त्यात वेळ वाचतो, पण नामनिर्देशनाने (निविदेशिवाय थेट) काम देण्याची कारणं नस्तीवर (फाइलवर) सविस्तर लिहा. लेखापरीक्षणात पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं.

हितसंबंधांचं घोषणापत्र नुसतं सही करून घेण्यापुरतं ठेवू नका. चार प्रश्न नेमके विचारा. गेल्या तीन वर्षांत या संस्थेने योजनेच्या विमा कंपनीसाठी किंवा दावे तपासणाऱ्या त्रयस्थ प्रशासक कंपनीसाठी काम केलं आहे का? तिचं स्वतःचं रुग्णालय योजनेत संलग्न आहे का? ज्या औषधाचा किंवा उपकरणाचा विचार आहे, त्याच्या उत्पादकाकडून तिला निधी मिळतो का? पुढच्या विमा निविदेत ती कोणाला सल्ला देणार आहे का? संलग्न रुग्णालय असलेल्या वैद्यकीय संस्थेने पॅकेजचे दर सुचवणं सर्रास चालतं. अशा संस्थेला बाद करायलाच हवं असं नाही, कारण खर्चाची कागदपत्रं तिच्याकडेच असतात. तिच्याकडून माहिती घ्या, दराची शिफारस दुसऱ्याकडून घ्या.

आता परिणामाच्या मूल्यमापनाबद्दल, कारण ही मागणी वरून हमखास येते. योजनेमुळे काय बदललं हे सांगायचं तर योजना नसलेला गट लागतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (महात्मा फुले योजनेचं आधीचं नाव) २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली. तेव्हा राज्यात ३५ जिल्हे होते, म्हणजे सोळा-सतरा महिने २७ जिल्हे तुलनेला उपलब्ध होते. आज तशी सोय नाही. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना राज्यातल्या सर्व रहिवाशांसाठी खुली झाली आणि १ जुलै २०२४ पासून ती अमलात आली. कोणी म्हणेल, पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबं नव्याने आली, तर त्यांची तुलना आधीपासून असलेल्या पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांशी करू. पद्धत वाजवी आहे, पण तीन अडचणी आहेत. त्याच टप्प्यात संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली, म्हणजे जुन्या गटालाही काहीतरी नवं मिळालं. औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) व अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतले पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरी आधीपासूनच योजनेत होते, त्यांना 'नवे' धरलं तर हिशोब चुकतो. आणि पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांपैकी अनेकांकडे नोकरीचा किंवा खाजगी विमा असतो. प्रस्तावात या तिन्हींचा उल्लेख नसेल तर त्या गटाने योजनेचा शासन निर्णयच वाचलेला नाही. तांत्रिक छाननीत ही कसोटी जरूर लावा, अनुभव प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा ती जास्त सांगते.

डेटाचं काम सगळ्यात जास्त वेळ खातं आणि त्याला वेळापत्रकात सगळ्यात कमी जागा असते. निविदा काढण्याआधीच कार्यालयाने एक नमुना फाइल तयार करावी: एक जिल्हा, एक वर्ष, आणि हे रकाने. रुग्णाची सांकेतिक ओळख, कुटुंबाची सांकेतिक ओळख, वय पूर्ण वर्षांत, लिंग, रुग्णाचा जिल्हा, रुग्णालयाचा संकेतांक आणि प्रकार, पॅकेजचा संकेतांक, पूर्वपरवानगीची तारीख, दाखल आणि डिस्चार्जची तारीख, मागितलेली, मंजूर आणि दिलेली रक्कम, रक्कम दिल्याची तारीख, नाकारण्याचं कारण. ही फाइल काढायलाच तीन आठवडे लागले तर पूर्ण डेटाला काय लागेल याचा अंदाज येतो.

फाइल हातात आली की पुढचे खड्डे दिसतात. पॅकेजची यादी वेळोवेळी बदलली आहे: महात्मा फुले योजनेत ९९६ उपचार आणि १२१ पाठपुरावा सेवा होत्या, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी एकत्रीकरण झाल्यानंतर १,३५६ उपचारांची यादी आली. एकाच शस्त्रक्रियेचे दोन काळांतले संकेतांक जुळवणारा तक्ता शल्यचिकित्सकाला बसवूनच करावा लागतो, नाहीतर 'अमुक शस्त्रक्रिया निम्म्यावर आल्या' असा निष्कर्ष निघतो आणि प्रत्यक्षात फक्त संकेतांक बदललेला असतो. शेवटच्या तीन-चार महिन्यांचे दावे नेहमी अपुरे असतात, कारण बरेच त्रुटीत अडकलेले असतात. त्यामुळे आलेखाचं टोक खाली झुकतं आणि घट झाल्याचा भास होतो. वर्ष मोजताना डिस्चार्जची तारीख धरायची की पैसे दिल्याची, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. जिल्ह्याचंही तसंच. रुग्ण सिंधुदुर्गातला आणि उपचार गोव्यातल्या बांबोळीत किंवा कोल्हापुरात असं असेल, तर रुग्णालयांचे दावे मोजून सिंधुदुर्गाची गरज कळत नाही. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेशी तुलना करायची तर तिथे मर्यादा कुटुंबाच्या आकारावर ठरते: तिघांपर्यंत अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. दर कुटुंबामागचे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत.

मोबाइल क्रमांकांवर विसंबून फोनवरची पाहणी आखू नका. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आयुष्मान भारतचे साधारण साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले होते. आधी कोणतेही २०० क्रमांक फिरवून पाहा, आणि किती जण खरोखर रुग्ण किंवा घरचे निघतात त्यावरून नमुना ठरवा.

दाव्यांच्या डेटात जे नाही ते त्यातून निघणार नाही, हेही कार्यकक्षेत लिहून ठेवा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्याने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. रोख पैसे भरून केलेली शस्त्रक्रिया कोणत्याही दाव्यांच्या नोंदीत येत नाही. त्यासाठी बायकांना जाऊन विचारावंच लागतं.

गोपनीयतेबाबत एक तांत्रिक चूक वारंवार होते. शिधापत्रिका किंवा आधार क्रमांकाचं साधं सांकेतिक रूपांतर करून फाइल दिली जाते आणि ओळख लपली असं समजलं जातं. बारा अंकी क्रमांकाचे सगळे पर्याय संगणकावर फिरवून मूळ क्रमांक काढता येतो. म्हणून रूपांतरात गुप्त किल्ली मिसळा, ती कार्यालयातच ठेवा, आणि सर्व वर्षांना तीच किल्ली वापरा, म्हणजे तोच रुग्ण पुन्हा दाखल झाला का हे शोधता येतं. गावाचं नाव देऊ नका. छोट्या तालुक्यात वय, लिंग आणि दुर्मिळ शस्त्रक्रिया एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यात दहापेक्षा कमी रुग्ण असलेला रकाना झाका. विश्लेषण शक्यतो कार्यालयातल्याच संगणकावर व्हावं आणि बाहेर फक्त तक्ते जावेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधनाला सवलत आहे, पण त्या डेटावरून विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नसेल तरच, आणि ठरवून दिलेली मानकं पाळून. त्यामुळे संशोधनासाठी दिलेल्या फाइलमधून संशयित रुग्ण शोधून नोटिसा काढायला लागलात तर ती सवलत उरत नाही. गैरव्यवहाराची छाननी वेगळ्या आदेशाने, वेगळ्या गटाकडून करा.

नैतिक समितीची मान्यता लागते का, असं बरेच विचारतात. रुग्णांशी बोलायचं असेल तर लागतेच. ओळख काढून टाकलेल्या डेटाला संमतीतून सूट मिळू शकते, पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती सूट समितीने द्यायची असते, संशोधकाने स्वतः गृहीत धरायची नसते. समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का ते बघा. यासाठी चार ते आठ आठवडे धरा. परदेशी संस्था भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा टप्पा वाढतो. निधी परदेशी देणगीतून येत असेल तर लक्षात ठेवा की २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही. क्षेत्रीय काम स्थानिक संस्थेला देण्याची योजना असेल तर ती इथेच अडते.

नमुन्याचा हिशोब निविदेत तुम्हीच लिहा. एखादं प्रमाण, समजा 'रुग्णालयाने पैसे मागितले' असं सांगणाऱ्यांचं, अधिक-उणे पाच टक्क्यांत हवं असेल तर साध्या नमुन्याला ३८४ माणसं लागतात. रुग्णालयांमधून गटागटाने निवड होत असल्याने ते दीडपट ते दुप्पट करा: ५७६ ते ७६८. पाचातला एक भेटणार नाही असं धरून ०.८ ने भागा: ७२० ते ९६०. हा राज्याचा एक आकडा झाला. बैठकीत कोणीतरी म्हणतं, 'जिल्हानिहाय पण द्या.' तेवढ्या एका वाक्याने ९६० चे ३६ जिल्ह्यांना ३४,५६० होतात. म्हणून जिल्हानिहाय ऐवजी महसूल विभागनिहाय मागा, सहा विभागांना ५,७६० पुरतात. एक प्रगणक घरोघरी जाऊन दिवसाला चार-पाच मुलाखती नीट करतो. ९०० मुलाखतींना रोजच्या पाच धरल्या तर १८० प्रगणक-दिवस, म्हणजे सहा जणांना ३० दिवस, शिवाय तीन दिवस प्रशिक्षण आणि दोन दिवस रंगीत तालीम. याच्या निम्म्यात करतो म्हणणारा मुलाखती कुठे करणार आहे ते विचारा. आणि मुलाखत घरी घ्या. रुग्णालयाच्या दारात, आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलाशेजारी कोणताही रुग्ण 'माझ्याकडून पैसे घेतले' असं सांगत नाही.

निवडीची पद्धत. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत सल्लासेवेसाठी गुणवत्ता आणि दर यांना मिळून गुण देण्याची पद्धत आहे. त्यात तांत्रिक गुणांना द्यायच्या भाराची (वजनाची) कमाल मर्यादा ८० टक्के आहे. राज्यात आपल्या वित्त विभागाचे आणि खरेदी धोरणाचे नियम लागतात, ते लेखाधिकाऱ्यांकडून आधी तपासून घ्या. भार किती ठेवायचा याने निकाल बदलतो. समजा 'अ' ला तांत्रिक ८५ गुण आणि दर ६० लाख, 'ब' ला ७२ गुण आणि दर ३८ लाख. दराचे गुण (सर्वांत कमी दर भागिले त्याचा दर, गुणिले शंभर) 'अ' चे ६३.३, 'ब' चे १००. तांत्रिक सत्तर आणि दर तीस असा भार ठेवला तर 'अ' ची बेरीज ७८.५ आणि 'ब' ची ८०.४, म्हणजे काम 'ब' ला. ऐंशी-वीसला 'अ' ८०.७ आणि 'ब' ७७.६. विश्लेषणाच्या कामाला ऐंशी-वीसच ठेवा आणि तांत्रिक उत्तीर्णतेची पातळी ७५ ठेवा. नियम परवानगी देत असतील तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे खर्च निविदेतच जाहीर करणं आणि तेवढ्या पैशांत सर्वांत चांगलं काम कोण करतो एवढंच पाहणं.

तांत्रिक गुणांत संस्थेच्या उलाढालीला १० पेक्षा जास्त देऊ नका. उलाढालीची अट मोठी ठेवली की चांगल्या विद्यापीठीय गटांना दारातूनच परत जावं लागतं. पद्धतीला ३५ ते ४०, प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांना ३५, आणि ही माणसं बदलली तर देयकातून कपात अशी अट ठेवा. प्रस्तावात नामवंत प्राध्यापक आणि कामावर नुकता पदवीधर, हा प्रकार फार आहे. उपाय म्हणजे माणशी दिवस मागणे. फक्त डेटावरच्या सहा महिन्यांच्या अभ्यासाला प्रमुखाचे २५ दिवस, आरोग्य अर्थतज्ज्ञाचे ४०, विश्लेषकाचे ८० आणि डॉक्टरचे २० असे साधारण १६५ दिवस लागतात. प्रमुखाचे तीन दिवस दाखवले असतील तर ते नाव फक्त मुखपृष्ठासाठी आहे.

करामुळे अंदाजपत्रक चुकतं, ते लक्षात घ्या. योजना चालवणारी सोसायटी ही 'शासकीय संस्था' ठरत असेल तर १ जानेवारी २०२२ पासून तिला दिलेल्या शुद्ध सेवांवरची (ज्यांत वस्तूंचा पुरवठा नाही अशा सेवांवरची) वस्तू व सेवा कराची सूट राहिलेली नाही. म्हणजे ५० लाखांच्या कामावर १८ टक्क्यांनी नऊ लाख वेगळे. प्रशासकीय मान्यता घेतानाच ते धरा.

देयकाचे हप्ते असे पाडा: प्रारंभिक अहवालाला १५ टक्के, साफ केलेला डेटा आणि संकेतांक जुळणीच्या तक्त्याला २५, पहिल्या निष्कर्षांना २५, अंतिम अहवालाला २०, आणि उरलेले १५ कार्यालयाच्या संगणकावर संगणकीय आज्ञावली पुन्हा चालवून तेच तक्ते निघाल्यावर. हा शेवटचा हप्ता कुणी काढून टाकायला सांगितलं तरी काढू नका. तो नसेल तर पुढच्या वर्षी तोच तक्ता हवा झाला की पुन्हा निविदा काढावी लागते. पहिला हप्ता मार्चअखेरीला आणू नका, निधी परत जाईल या घाईत अर्धवट प्रारंभिक अहवाल मंजूर होतो आणि पुढचं सगळं काम त्यावर उभं राहतं.

प्रकाशनाचा हक्क संशोधकांना द्या. मसुद्यावर कार्यालयाने ४५ दिवसांत अभिप्राय द्यावा. तो गोपनीयता आणि तथ्यातल्या चुका यांपुरताच असावा. मुदतीत उत्तर न आल्यास हरकत नाही असं समजावं. 'शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय काहीही प्रसिद्ध करता येणार नाही' अशी सरसकट अट घातली की चांगले संशोधक येत नाहीत आणि आलेले अडचणीचे निष्कर्ष आधीच बोथट करून देतात. नुकसान कार्यालयाचंच होतं, कारण अडचणीचाच निष्कर्ष त्याला सर्वांत आधी कळायला हवा असतो.

कार्यालयात एक नोडल अधिकारी आणि त्याच्या जोडीला बदली न होणारं एक माणूस ठेवा, वैद्यकीय लेखापरीक्षणातला डॉक्टर चालेल किंवा संगणक कक्षातला कर्मचारी. नोडल अधिकाऱ्याची बदली अभ्यासाच्या मधोमध होणार हे धरूनच चाला. दर पंधरवड्याला एक तास बैठक, आणि तिचं इतिवृत्त त्याच दिवशी नस्तीवर. अंतिम अहवाल इंग्रजीत दोनशे पानांचा असला तरी त्यासोबत मराठीत दोन पानांची टिप्पणी मागा, शासनाच्या टिप्पणीच्या नमुन्यातच: प्रस्ताव, आर्थिक भार, पर्याय, शिफारस. सुरुवातीला ज्या पानावर निर्णय, सही आणि महिना लिहिला होता, ते पान या टिप्पणीला जोडून सचिवांकडे पाठवा.